पत्ता कर्नाटकचा म्हणून 'कोल्हापुरी' लिहायचं न्हाई म्हणालेत, खरं हाय का? आणि गिऱ्हाईकांच्या नंबरांचं काय करायचं?

अथणीकडचा_पोरगा

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार हाय, सांभाळून घ्या.

आमचं घर बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी तालुक्यातलं, आजोबांपासून चपलांचंच काम. वडील तळ कापतात नि शिवतात, आई आणि काकी वेण्या घालतात, आणि मी बी.कॉम. करून आल्यापासून ऑनलाइनची बाजू बघालोय, म्हणजे इन्स्टाग्राम, व्हॉट्सॅप आणि एक मोठा ऑनलाइन बाजार, त्याचं नाव इथं घेत नाही. तर ह्या बाजारवाल्यांनी आमच्या सगळ्या लिस्टिंग खाली काढल्या. कारण काय, तर म्हणे 'कोल्हापुरी चप्पल' हे जीआय (म्हणजे ठरावीक भागातल्याच मालासाठी सरकारात नोंदलेलं नाव) मिळालेलं नाव हाय, तुमच्या जीएसटीवर पत्ता कर्नाटकचा दिसतोय, तेव्हा शब्द काढा नाहीतर पुरावा द्या, त्याऐवजी 'एथनिक लेदर स्लीपर' लिहा. आता त्याच बाजारात रेक्झिनच्या, खाली रबर चिकटवलेल्या, कुठल्या राज्यात झाल्या देव जाणे, अशा चपला 'ओरिजिनल कोल्हापुरी' म्हणून 299 ला बिनधास्त चाललेत, त्यांना कोण इचारत नाही आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं कातडं वापरणाऱ्यानं पुरावा द्यायचा!

दुसरं, आमच्या बहिणीनं घराच्या वरच्या माळीवर काढलेला एक फोटो दुसऱ्या एका विक्रेत्यानं उचललाय. मागची भिंत पुसली, एआयनं कुठल्या तरी मॉडेलचा पाय घातला आणि स्वतःचा म्हणून लावला. आमचाच हाय हे कसं कळलं तर डाव्या चपलेच्या वेणीतला एक पेड जरा वर आलाय, काकीनं तो जोड नंतर उसवून परत घातला होता, त्या फोटोत तो पेड तसाच वर हाय.

तिसरं म्हणजे मापाचं. आम्ही गिऱ्हाईकाला कागदावर पाय ठेवून पेन्सिलीनं रेघ मारून फोटो पाठवा म्हणतो, सोबत नाव पत्ता नंबर. जुनी गिऱ्हाइकं दुकानात येऊन वहीतच पाय ठेवतात. असे बरेच जण साठलेत फोनमध्ये. आता चुलतभाऊ शहापुरात साडीचं दुकान काढालाय तो म्हणतोय लिस्ट दे सगळ्यांना मेसेज टाकतो. आणि इकडं व्हॉट्सॅपवर फॉरवर्ड फिरतंय की नवीन डेटा कायद्यात 250 कोटी दंड. आमची सगळी वाडी विकली तरी एवढं होणार नाही ओ. कुणाला माहिती असेल तर सांगा की.


खडेबाजार_वकील

जीआयचं आधी सांगतो, कारण तिथं तुमची बाजू भक्कम आहे आणि थोडी कच्चीपण आहे.

कोल्हापुरी चपलेचा जीआय एकट्या महाराष्ट्राचा नाही. दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर मिळून आहे, तिकडचं, महाराष्ट्राचं, लिडकॉम म्हणजे संत रोहिदास महामंडळ आणि आपल्याकडचं, कर्नाटकचं, लिडकर म्हणजे बाबू जगजीवनराम महामंडळ. क्षेत्र म्हणून आठ जिल्हे धरलेत. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. तेव्हा 'पत्ता कर्नाटकचा म्हणून नाही' हे कारण साफ चूक आहे, त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याला हे जिल्ह्यांच्या नावासकट लेखी कळवा आणि चेन्नईच्या जीआय रजिस्ट्रीच्या साइटवर नोंद आहे ती डाउनलोड करून जोडा. सीमेचा वाद सुप्रीम कोर्टात 2004 पासून पडून आहे, चपलेच्या बाबतीत मात्र दोन्ही सरकारं एका कागदावर आलीत, हे आपल्याकडं फार जणांना माहितीच नसतं.

आता कच्ची बाजू. 1999 च्या जीआय कायद्यात दोन प्रकारची माणसं असतात, एक नोंदणीचा मालक, म्हणजे इथं ही दोन महामंडळं, आणि दुसरा अधिकृत वापरकर्ता. कलम 21 प्रमाणं ते नाव मालावर वापरायचा खास हक्क अधिकृत वापरकर्त्याला मिळतो. तुम्ही अथणीत जन्मला, तीन पिढ्या चप्पल शिवताय, सगळं खरं, पण रजिस्टरवर नाव नसेल तर उद्या त्या रेक्झिनवाल्यावर दावा लावायला तुमच्या हातात काही नाही. म्हणून पुरावा मागणं अगदीच गैर नाही, फक्त सगळ्यांकडून मागायला पाहिजे होता.

नोंदणी काही अवघड नाही. 2020 साली नियम बदलले, फी 500 वरनं 10 रुपये केली. होय, दहाच. अर्ज स्वतःच्या नावानं करता येतो, आपण हा माल कसा आणि कुठं बनवतो ते लिहून द्यायचं, तालुक्याला शपथपत्र, कारागीर कार्ड असेल तर त्याची प्रत. एकदा झाली की दहा वर्षं चालते, मग नूतनीकरण. त्यानंतर कुणी खोटं नाव वापरलं तर जिल्हा न्यायालयातच दावा लावता येतो, बेंगळूर गाठायला नको, आणि फौजदारी बाजू पण आहे, सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड.


निपाणीचा_बाबू

वकीलसाहेब दहा रुपये म्हणाले ते ऐकायला लई ग्वाड लागतंय पण इकडं कोण भरालाय? आमच्या गल्लीत इचारून बघा, जीआय मिळाला हे टीव्हीवर बघितलंय, आपल्याला फॉर्म भरायचा असतो हे कुणी सांगिटलंच न्हाई. अधिकारी यायचे, फोटो काढायचे, शाल घालायचे, गेले.

आणि ते प्राडाचं, इटलीच्या त्या महागड्या फॅशन कंपनीचं, आठवतंय न्हवं. जून 2025 मध्ये मिलानला शो केला, आपलीच चप्पल, आपलाच अंगठा, आपलीच ठेवण, आणि नाव काय तर 'लेदर सँडल'. इकडं बोंब झाल्यावर मग मान्य केलं की भारतीय कारागिरीवरनं घेतलंय. मुंबई हायकोर्टात जनहित याचिका टाकली ती जुलैत निकालात, कोर्ट म्हणालं ज्याच्या नावानं नोंद हाय त्यानं यावं, तुमी कोण? म्हंजे परत तेच, नोंद कुणाची. डिसेंबरात त्या कंपनीनं दोन्ही महामंडळांबरोबर करार केला, 2,000 जोड इकडं महाराष्ट्र-कर्नाटकात करून घ्यायचे, किंमत साधारण 800 युरो जोडीला. 800 युरो मर्दा! आमाला दुकानदार एका जोडीला काय देतो ते इथं लिहीत न्हाई, लाज वाटंल वाचणाऱ्याला.

करार वाईट हाय असं न्हाई म्हणत मी. पण त्या 2,000 जोडांत कुणाचा हात लागणार, ते नाव ठरवणार कोण, हे आमच्या मडबावी, निपाणी, चिकोडीकडच्या माणसाला कळायला पाहिजे का नको?


रंकाळा_काठ

सगळं मान्य पण चप्पल ती कोल्हापूरचीच ओ, कापशी म्हणा कुरुंदवाडी म्हणा, चपलांच्या नावातली गावं आमचीच 😄


निपाणीचा_बाबू

या की मग निपाणीला, शिवून दाखवा. तुमच्या महाद्वार रोडवर टांगलेला माल रात्री कुठनं भरून येतोय ते टेम्पोवाल्याला इचारा.


खानापूरचा_पुण्यात

भांडा नंतर 😀 डेटाचं मी सांगतो, पुण्यात एका कंपनीत हेच काम करतो, गावाकडचं कुणी विचारलं की बरं वाटतं.

आधी ते 250 कोटी. आकडा खरा आहे, पण ती वरची मर्यादा आहे, आणि ती कशासाठी, तर माहिती सुरक्षित ठेवायची वाजवी काळजी घेतली नाही आणि ती फुटली तर. दंड ठरवताना चूक केवढी, किती दिवस चालली, कुणाचं किती नुकसान झालं, हे ह्या कायद्याखालच्या डेटा संरक्षण बोर्डानं बघायचं असं कायद्यातच लिहिलंय. चपलेच्या दुकानावर 250 कोटी लावणार नाही कोणी, फॉरवर्ड करणाऱ्याला एवढंच सांगा. कायदा ऑगस्ट 2023 चा, डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा त्याचं नाव, पण नियम आले 14 नोव्हेंबर 2025 ला आणि तेही टप्प्याटप्प्यानं, बोर्डाच्या तरतुदी लगेच आणि तुमच्या-माझ्यासारख्यांना लागू होणारी खरी कामं 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 च्या आसपास. तेव्हा वेळ आहे, पण सवय आत्ता लावलेली बरी.

आता तुमची वही. हा कायदा डिजिटल माहितीला लागतो, किंवा कागदावरची पुढं डिजिटल केली तर तिला. दुकानात येऊन वहीत पाय ठेवून गेलेल्या म्हाताऱ्या गिऱ्हाईकाची पेन्सिलीची रेघ ह्यात येत नाही. त्याच पानाचा फोटो काढून नावानिशी फोनमध्ये ठेवलात की आली. मापाचा फोटो, नाव, नंबर, पत्ता हे सगळं एकत्र म्हणजे वैयक्तिक माहितीच.

ऑर्डरीसाठी लोकांनी ती आपणहून दिली, त्या ऑर्डरीपुरती वापरा, त्यात अडचण नाही, कायद्यातच तशी मुभा आहे. परत मागणी आली की जुनं माप काढायचं असेल तर पहिल्यांदाच विचारून ठेवा, 'तुमचं माप आमच्याकडं ठेवू का?', आणि हो आलेला मेसेज पुसू नका. भावाला साडीसाठी लिस्ट द्यायची नाही. बिलकुल नाही. चपलेसाठी दिलेला नंबर साडीसाठी दिलेला नाही, घरातला भाऊ असला तरी त्याचं दुकान वेगळं. आणि अजून एक, बरेच दुकानदार दिवाळीला सगळ्या गिऱ्हाइकांना एका ग्रुपमध्ये ओढतात, त्यात प्रत्येकाला बाकी सगळ्यांचे नंबर दिसतात, ते तर आत्ताच बंद करा, बायका वैतागतात, कुणाकुणाला नको ते मेसेज येतात मग.

काम संपलं आणि नियमांतलं किमान एक वर्ष झालं की माहिती काढून टाकायची असा नियम आहे, पण बिलं नाही काढायची हां, जीएसटीच्या हिशेबाचे कागद वार्षिक रिटर्नच्या तारखेपासून 72 महिने ठेवावेच लागतात. म्हणजे बिल ठेवा, पायाचा फोटो काढून टाका. फोन हरवला किंवा हॅक झाला आणि गिऱ्हाइकांची माहिती गेली तर त्यांना न लपवता कळवायचं, बोर्डालाही लगेच कळवायचं आणि सविस्तर 72 तासांत.

एक गोष्ट आपल्या भागासाठी मला फार आवडली. संमती घेताना जी सूचना द्यायची ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय गिऱ्हाइकाला द्यायला लागतो, 22 भाषा आहेत त्यात, मराठीपण आणि कन्नडपण. म्हणजे एखाद्या बँकेच्या ॲपकडं बेळगावात बसून मराठीत सूचना मागता येईल आणि कोल्हापुरात बसून कन्नडमध्ये. सरकारी हाफिसातल्या पाट्यांना आणि अर्जांना हे लागू नाही, तेवढं डोक्यात ठेवा, नाहीतर लगेच कोणतरी मोर्चा काढेल.

जे आवडलं नाही तेही सांगतो. दंड बोर्ड लावणार आणि पैसा सरकारी तिजोरीत जाणार, ज्याची माहिती फुटली त्याला नुकसानभरपाई ह्या कायद्यात नाही. जुन्या आयटी कायद्यात कलम 43अ होतं, त्यात भरपाई मागता यायची, ते आता जाणार. मला तरी हे उलटं वाटतं.


टिळकवाडी_ताई

खानापूरच्या दादांनी छान सांगितलं. फोटोचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते, माझं छोटं बुटीक आहे आणि हाच ताप मला झालाय.

तुमच्या बहिणीनं फोटो काढला म्हणजे कॉपीराइट तिचा, कुठं नोंद करायला लागत नाही. (स्टुडिओवाल्याला पैसे देऊन काढून घेतला असता आणि वेगळं काही ठरलं नसतं, तर पैसे देणाऱ्याचा, हे पण लोकांना माहिती नसतं, स्टुडिओवाले उगाच आपला म्हणून बसतात.) आता तुम्ही काय करा, मूळ फाइल फोनमधनं पुसू नका, व्हॉट्सॅपवरनं परत घेतलेली नको, कॅमेऱ्यातली मूळ, त्यात तारीख असते. त्याच दिवशी काढलेले बाकीचे फोटो पण ठेवा, एकच चांगला ठेवून उरलेले डिलीट करायची आपल्याला खोड असते. तो वर आलेला पेड लाल गोल करून दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावा, ह्यापेक्षा पक्का पुरावा दुसरा नाही.

मग त्या बाजाराला लेखी तक्रार, बहिणीच्या सहीनं. कॉपीराइट नियम 2013 मधला नियम 75 असं लिहा, त्यात 36 तासांच्या आत काढायला सांगितलंय. पण लक्षात ठेवा, हे 21 दिवसांपुरतं असतं, तेवढ्यात कोर्टाचा आदेश आणला नाही तर ते परत लावू शकतात. माझ्या बाबतीत समोरच्यानं परत लावलंच नाही, त्याला दुसरे फोटो चोरायला मिळाले असणार.

एआयचं म्हणाल तर 20 फेब्रुवारी 2026 पासून आयटी नियमांत बदल झालाय, एआयनं बनवलेलं आणि खरं वाटेल असं चित्र असेल तर तसा शिक्का लावायला लागतो. नुसता उजेड वाढवला, रंग नीट केला, त्याला काही नाही. पण तुमच्या चपलेत परका पाय घालणं म्हणजे उजेड वाढवणं नव्हे. तक्रारीत ही ओळ पण घाला.


रंकाळा_काठ

ताई, एक शंका. चप्पलच तशीच्या तशी बनवून विकली पण फोटो स्वतःचा काढला तर? तिथं कॉपीराइट चालतो का?


खडेबाजार_वकील

नाही. फोटोचा कॉपीराइट फोटोपुरता. शेकडो वर्षं चालत आलेली ठेवण कुणा एकाची नाही, त्यामुळं चपलेच्या घाटावर कॉपीराइट मागता येणार नाही, डिझाइन कायद्यातही नवीन असेल तरच नोंद होते. म्हणून तर जीआय लागतो, त्यात नाव राखलं जातं, घाट नाही. मिलानला शोमध्ये 'कोल्हापुरी' हा शब्दच नव्हता आणि इथली नोंद इटलीत चालतही नाही, तिकडं वेगळी घ्यावी लागते. बाबू चिडलेत ते बरोबर आहे, पण दावा लावायला कायद्यात जागा अरुंद होती.

अथणीकर, तुमच्या घरचं काही वेगळं नाव असेल, आजोबांचं वगैरे, तर त्याचा ट्रेडमार्क घ्या, वर्ग 25, पादत्राणं त्यातच येतात. लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी 4,500. नुसत्या 'कोल्हापुरी' वर कुणालाच ट्रेडमार्क मिळणार नाही, एजंट मिळवून देतो म्हणाला तर समजायचं काय ते. डब्यावर घरचं नाव मोठं, खाली कोल्हापुरी चप्पल, असं दोन्ही लिहा.


अथणीकडचा_पोरगा

वकीलसाहेब, ताई, खानापूरकर, सगळ्यांचे आभार. बाजारवाल्यांना आठ जिल्ह्यांची नावं घालून मेल टाकलाय, 'आम्ही तपासतो' एवढंच आलंय. फोटोची तक्रार बहीण स्वतः लिहालीय, पेड गोल करून. भावाला लिस्ट नाही म्हणून सांगिटलं, जरा फुगलाय, होईल गार.

आता त्या दहा रुपयांच्या अर्जाचं. तो कुणाच्या नावानं भरायचा? जीएसटी माझ्या नावावर हाय, विकतो मी, वडील म्हणतात तुझ्याच नावानं भर, पोरगा शिकलेला हाय.


खडेबाजार_वकील

तुमच्या नावानं भरता येईल. कायद्यात 'उत्पादक' ची व्याख्या रुंद आहे, हस्तकलेची वस्तू बनवणारा तर येतोच, तिचा व्यापार करणाराही येतो. त्याच फटीतनं बरेच ठिकाणी व्यापारी पुढं घुसतात आणि कारागीर रजिस्टरच्या बाहेर राहतो. म्हणून माझं म्हणणं, वडील, आई आणि काकी ह्यांचे तीन वेगळे अर्ज आधी भरा, तुमचा चौथा. चाळीस रुपये झाले. काकींच्या अर्जात 'वेणी घालणे' असं काम स्पष्ट लिहा, नुसतं 'मदतनीस' लिहू नका, तालुक्यातला टायपिस्ट बायकांच्या पुढं तेच लिहितो. शपथपत्र करायला जाताना आधारवरचं आणि रेशनकार्डावरचं नाव जुळतंय का ते बघून जा, काकींचं माहेरचं नाव कुठंतरी राहिलेलं असतं.


निपाणीचा_बाबू

साहेब, आमच्या गल्लीतनं पंधरा-वीस जण तरी निघतील, दोघंतिघं सोडली तर सगळ्या बाया. एखाद्या रविवारी निपाणीला याल का, टेबल-खुर्ची आमी लावतो.


खडेबाजार_वकील

येतो. आधार आणि कामाचे फोटो तयार ठेवायला सांगा, आणि प्रत्येकानं कुठला भाग करतो ते आधी सांगावं, कान, पट्टा, अंगठा, वेणी, तळ, तसं लिहू.